मातीचे विद्यार्थी : सर आल्बर्ट हॉवर्ड

परगावच्या माणसाला इंदूरची ओळख विचारली, तर तो होळकरांचे नाव घेईल, राजवाडा सांगेल, आणि खवय्या असेल तर सराफ्याचा उल्लेख केल्यावाचून राहणार नाही. परंतु इंग्लंड, अमेरिका किंवा आफ्रिका येथील एखाद्या शेतकऱ्याला इंदूर हे नाव ठाऊक असलेच, तर ते बहुधा खतामुळे असते. शेतातील काडीकचरा आणि गोठ्यातील शेण यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभरच्या कृषिग्रंथांत नोंदली गेली आहे, ती याच नगरीत सिद्ध झाली. ती सिद्ध करणारे आल्बर्ट हॉवर्ड जन्माने इंग्रज होते. इंदूरला येण्यापूर्वी त्यांची कीर्ती खतासाठी नव्हे, तर गव्हाच्या नव्या वाणांसाठी झाली होती. बियाण्याच्या संशोधनात जवळजवळ वीस वर्षे घालविलेला हा शास्त्रज्ञ मातीकडे का वळला, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत जाणून घेण्याजोगे प्रकरण होय.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील शेतकरी होते. नांगर, गुरे आणि पेरणी यांचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही, आणि पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळांतून वावरत असतानाही हे शेतकरीपण त्यांच्या अंगातून गेले नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये व नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांत गेले. तेथे पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. रोगट पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे, बुरशीचे नाव शोधावे आणि मळेवाल्यांना उपाय सांगावा, असा तो क्रम होता. या कामात तरुण हॉवर्डना एक गोष्ट सलू लागली. जे पीक आपण स्वतः कधी लावले नाही, त्याच्या मालकाला आपण उपदेश करावा, हे त्यांना पटेना. सांगितलेला उपाय आधी आपल्या शेतात करून पाहावा, तर स्वतःचे शेतच नव्हते!

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तेथील ‘हॉप’ या वेलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. या वेलात नर आणि मादी अशी झाडे वेगळी असतात. विक्रीला उपयोगी पडतात ती मादी वेलाची फुले. म्हणून शेतकरी नर वेल निरुपयोगी समजून उपटून टाकीत. हॉवर्डनी प्रयोग करून दाखविले की, परागसिंचन झालेल्या वेलांवर फुले लवकर भरतात आणि त्यांच्यावर रोगही कमी पडतो. रोगाचा प्रतिकार झाडाच्या स्वाभाविक वाढीतच असू शकतो, हा विचार त्यांच्या मनात येथे रुजला असावा.

या सुमारास त्यांच्या आयुष्यात एका विदुषीचा प्रवेश झाला. गॅब्रिएल माथाई या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करतात आणि उष्णतामानाचा त्या क्रियेवर काय परिणाम होतो, यासंबंधी ब्लॅकमन या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी केलेली मोजमापे वनस्पतिशास्त्रात महत्त्वाची मानली जातात. झाडाला प्रकाश, उष्णता आणि हवा यांपैकी जे सर्वांत अपुरे मिळते, तेच त्याच्या वाढीची मर्यादा ठरविते. इतर गोष्टी कितीही वाढविल्या तरी उपयोग होत नाही, असा त्या संशोधनाचा इत्यर्थ होता. विद्यार्थ्यांनी हा नियम ध्यानात ठेवावा, कारण माळव्याच्या काळ्या जमिनीत तो पुन्हा भेटणार आहे.

१९०५ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थान सरकारचे वनस्पतितज्ज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथील नव्या कृषिसंशोधन संस्थेत आले. त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएलबाईंशी विवाह झाला. येथून पुढे या दोघांचे काम वेगळे करून सांगणे कठीण आहे. निबंधांवर दोघांची नावे असत, आणि ‘हिंदुस्थानातील गहू’ या विषयावरील १९०९ चा त्यांचा ग्रंथही दोघांचाच होता. गॅब्रिएलबाईंना सरकारी हुद्दा मात्र फार उशिरा मिळाला. १९१३ मध्ये त्या दुसऱ्या शाही वनस्पतितज्ज्ञ झाल्या. त्यापूर्वीची कितीतरी वर्षे त्यांनी तेच काम हुद्द्यावाचून केले होते.

त्या काळी सर्व जगात नवे वाण निर्माण करण्याचे वारे वाहत होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात ल्यूथर बरबँक हा माळी नवनव्या जातीचे आलुबुखार निपजवीत होता. ब्लॅकबेरी म्हणून जे आपल्या करवंदासारखे काळेभोर, काटेरी जाळीवरचे फळ तिकडे आवडीने खातात, त्याची चक्क पांढरी जात त्याने १८९४ मध्ये विक्रीला आणली होती. लोक त्याला जादूगार म्हणत. पुसाच्या या दांपत्याच्या कामात असली जादू नव्हती. गव्हाच्या शेतातून एकेक ओंबी निवडायची, तिचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, त्या ओळीची उंची, तांबेरा सोसण्याची शक्ती व दाण्याचा कस पाहायचा, आणि पुन्हा निवड करायची. संकर करायचा असेल, तर फूल उमलण्यापूर्वी चिमट्याने त्यातील पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर घालायचे आणि ओंबीला पिशवी बांधायची. हे सर्व उन्हात, शेतात उभे राहून, वर्षानुवर्षे करावे लागे. दाण्यांचे पीठ करून त्याचा पाव कसा होतो, याची परीक्षा इंग्लंडमध्ये करून घेतली जाई. हिंदुस्थानी गव्हाचा पाव चांगला फुगत नाही, हा व्यापाऱ्यांचा समज त्यामुळे खोटा ठरला. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे त्यांचे गहू उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले.

वेस्ट इंडीजमध्ये जे मिळाले नव्हते ते हॉवर्डना पुसाला मिळाले. त्यांच्या ताब्यात ७५ एकर जमीन आली. तेथे त्यांनी आपले खरे गुरू शोधले. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी औषधे न फवारता निरोगी पिके काढतात, हे त्यांच्या लक्षात आले, आणि ते त्यांच्या रीती शिकू लागले. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या शास्त्रज्ञाने बिहारी कुणब्याकडे विद्यार्थी म्हणून जावे, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

फळबागेतील त्यांचा एक प्रयोग बागाईतदारांच्या घरी आजही सांगण्याजोगा आहे. आंबा, पेरू, लिची, सीताफळ, लिंबू, लोकाट, पीच व आलुबुखार अशी आठ प्रकारची झाडे त्यांनी लावली. काहींच्या बुंध्याशी जमीन मोकळी ठेवली, काहींच्या भोवती गवत वाढू दिले. गवताने झाडे खुरटली. गवत पाणी पिऊन टाकते म्हणून असे होत असेल, असे कोणालाही वाटेल. हॉवर्डनी जमीन खणून मुळेच उघडी केली. मुळांना जमिनीत हवा लागते, आणि गवताच्या दाट थराखाली ती पुरेशी पोहोचत नाही, असे त्यांना आढळले. ऋतुमानाप्रमाणे झाड कधी वरच्या मुळांनी, तर कधी खोल मुळांनी जगते, हेही त्यांनी पाहिले. झाडाचा जमिनीखालचा अर्धा भाग पाहिल्याशिवाय वरच्या भागाविषयी बोलू नये, असा त्यांचा दंडकच झाला.

उन्हाळ्यात हे दांपत्य बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे जाई. तेथील फळसंशोधन केंद्र १९१० पासून त्यांच्याकडे होते. क्वेट्ट्याची द्राक्षे आणि पीच उत्तम, परंतु आगगाडीतून दूरच्या शहरांत पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होई. हॉवर्डनी फळांसाठी खणाखणांच्या पेट्या तयार करविल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी भाज्या उन्हात वाळवून टिकविण्याचे प्रयोगही तेथे झाले. पीक काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते खाणाऱ्याच्या ताटापर्यंत सुस्थितीत जाणे महत्त्वाचे, हे फार थोडे शास्त्रज्ञ मनावर घेतात.

पुसाच्या बैलांची हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. चांगल्या जमिनीवरचा चारा खाऊन पोसलेले आपले बैल लाळखुरकताने आजारी असलेल्या शेजारच्या गुरांच्या नाकाला नाक लावीत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. हे निरीक्षण प्रामाणिक होते, यात शंका नाही. पण आजचे पशुवैद्य त्याला पुरावा मानणार नाहीत, कारण तुलनेसाठी निकृष्ट चाऱ्यावरचे बैल त्याच परिस्थितीत ठेवले गेले नव्हते. लाळखुरकताला लस टोचावीच लागते. हॉवर्ड पाहण्यात निष्णात होते. कधीकधी पाहिलेल्यावरून निष्कर्ष काढण्याची मात्र त्यांना घाई होई.

पुसाला सर्व काही असताना त्यांनी ती जागा का सोडली? तेथे वनस्पतितज्ज्ञ एका दालनात, बुरशीतज्ज्ञ दुसऱ्या, कीटकतज्ज्ञ तिसऱ्या, रसायनतज्ज्ञ चौथ्या. एकच झाड चौघांनी वाटून घेतलेले! मातीपासून दाण्यापर्यंत पीक एकाच दृष्टीखाली यावे, असे हॉवर्डना वाटे. दुसरे कारण अधिक खोल होते. सुधारलेल्या बियाण्याने उत्पन्न वाढते खरे, पण काही प्रमाणातच. जमीन निःसत्त्व असेल तर उत्तम वाणही आपला गुण दाखवू शकत नाही. जे सर्वांत अपुरे असते, तेच मर्यादा ठरविते. गॅब्रिएलबाईंच्या तरुणपणच्या संशोधनातील हाच नियम या दोघांना शेतात दिसला असावा, असे मला वाटते.

१९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. कापसाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी तिला द्रव्यसाहाय्य केले. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. कापसाचे काम सांगितले असता त्यांनी आरंभ केला तो जमिनीपासून. माळव्याची काळी माती ज्यांनी तुडविली आहे, त्यांना तिचे स्वरूप सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल. पाणी साचले की मातीतील हवा कोंडते आणि मुळे गुदमरतात. शेताला उतार देणे, पाण्याला वाट करून देणे आणि मातीत कुजलेले सेंद्रिय द्रव्य घालून ती भुसभुशीत करणे हे त्यावरचे उपाय. पण एवढे खत आणायचे कोठून? शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात होता. शेतकऱ्याला गोवऱ्या थापू नका म्हणावे, तर त्याने स्वयंपाक कशावर करावा?

हॉवर्ड आणि संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी या प्रश्नाची उकल केली. शेण थोडे आणि पालापाचोळा पुष्कळ घेऊन खत करता येईल का, असा त्यांनी प्रश्न घातला. चीनमधील शेतकरी शतकानुशतके काडीकचऱ्याचे खत करीत आले आहेत, याचे वर्णन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९११ च्या ग्रंथात हॉवर्डनी वाचले होते. त्या अनुभवाला इंदूरच्या प्रयोगांची जोड मिळाली.

पद्धत अशी होती. तण, पाने, उसाचे पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या, जे काही शेतात निघेल ते गोळा करायचे. पऱ्हाट्या कठीण असतात. त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून ठेवीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. हा सर्व कचरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. शेण आणि मूत्र त्यात मिसळे. ज्या गोमूत्राकडे शेतकरी दुर्लक्ष करतो, त्यात नत्राचा मोठा साठा असतो. गोठ्याची मूत्राने भिजलेली मातीही म्हणूनच वापरायची. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल अशा खड्ड्यांत हे मिश्रण थराथराने, लाकडाची राख शिंपडून, पाण्याने ओलावून भरायचे. खोली कमी ठेवण्याचे कारण हवा. खड्डा खोल असला की तळाशी हवा पोहोचत नाही आणि नुसती दुर्गंधी सुटते. ज्याप्रमाणे दुधाला विरजण लावतात, त्याप्रमाणे आधीच्या खड्ड्यातील बुरशी धरलेले थोडे खत नव्या खड्ड्यात घालीत. काही दिवसांतच ढीग एवढा तापे की आत हात घालवत नसे. सुमारे पंधरा दिवसांनी, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा तो खालीवर करायचा. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. तीन महिने झाले की काडी काडी म्हणून ओळखू येत नाही; हाताला लागते ती काळी, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास असलेली भुकटी. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचीत.

यामागे हिशेब होता. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण आरंभी ३३ ला १ च्या आसपास असावे, आणि खत तयार होता होता ते १० ला १ पर्यंत यावे, हे वाड यांच्यासारख्या रसायनज्ञाच्या पृथक्करणातून निश्चित झाले. आपल्या उकिरड्यात आणि इंदूरच्या खड्ड्यात जो फरक आहे, तो एवढाच. पदार्थ तेच, पण हवा, ओलावा आणि प्रमाण यांचा विचार उकिरड्यात नसतो. १९३१ मध्ये या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. पद्धतीला मात्र दोघांपैकी कोणाचेच नाव दिले गेले नाही. ज्या गावी ती जन्मली, त्या गावाचे नाव तिला मिळाले.

मजुरांच्या बाबतीतही संस्थेचा शिरस्ता त्या काळाच्या मानाने वेगळा होता. सहा तासांचा दिवस, वेळच्या वेळी पगार आणि औषधपाण्याची सोय. दमलेला, अर्धपोटी माणूस काळजीने काम करू शकत नाही, हे हॉवर्ड जाणून होते.

१९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएलबाई जिनीव्हा येथे मरण पावल्या. पंचवीस वर्षांचा सहप्रवास संपला. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. गॅब्रिएलबाईंच्या भगिनी लुईझ यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. विश्रांती मात्र त्यांनी घेतली नाही. केनियातील कॉफीचे मळे, सिलोन व आसामातील चहाचे मळे येथे इंदूर पद्धत गेली. १९४० च्या त्यांच्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथाने इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फर आणि अमेरिकेत रोडेल यांना प्रेरणा दिली, आणि ज्याला आज सेंद्रिय शेती म्हणतात ती चळवळ उभी राहिली.

याच काळात त्यांनी मोठे वादही ओढवून घेतले. माती, पीक, जनावर आणि मनुष्य यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे, आणि रासायनिक खते ती साखळी तोडतात, असे ते सांगू लागले. सेंद्रिय द्रव्याशिवाय जमिनीचा पोत टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे आज सर्वमान्य आहे. परंतु अशा खतावर वाढलेले धान्य किंवा फळ खाणारा अधिक निरोगी राहतो, असे पुढील काळातील प्रयोगांनी निर्विवादपणे दाखविलेले नाही. फळातील जीवनसत्त्वे त्याची जात, पिकण्याची अवस्था आणि तोडल्यानंतरचे दिवस यांवरही पुष्कळ अवलंबून असतात. शिवाय १९६० नंतर भारताची अन्नटंचाई हटविण्यात नव्या गव्हाइतकाच नत्रखताचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. तथापि त्याच पंजाबातील जमिनींचा पोत पुढे उतरला, तेव्हा हॉवर्डचे ग्रंथ पुन्हा उघडले गेले, हेही तितकेच खरे.

इकडे इंदुरात काम थांबले नव्हते. हॉवर्ड यांच्यानंतर आलेले जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील कचरा व मैला यांचेही याच रीतीने निर्धोक खत करून दाखविले आणि १९३४ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी येथे आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि पुढे ‘हरिजन’ साप्ताहिकातून या खताची माहिती खेड्यांपर्यंत पोहोचविली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा गौरव झाला. त्यासाठी घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवणाऱ्या किती कुटुंबांना वाड आणि जॅक्सन ही नावे ठाऊक असतील?

सर आल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे निवर्तले. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. लुईझबाईंनी १९५३ मध्ये त्यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर पुस्तक लिहिले. गव्हाच्या ओंब्यांपासून माळव्याच्या खड्ड्यांपर्यंतचे जे काम त्यात आले आहे, ते बहुतेक त्यांच्या भगिनीचेही काम होते. मुखपृष्ठावरील नाव मात्र एकट्या सर आल्बर्ट यांचे आहे.